शास्त्रज्ञ झाल्यासारखं पहिल्यांदा कधी वाटतं, आणि तसं वाटावं म्हणून नक्की काय करायचं

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, जास्त करून एमएस्सीची किंवा नुकतीच पीएचडीला लागलेली मुलं, की मॅडम तुम्हाला स्वतःला शास्त्रज्ञ असल्यासारखं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि त्यांना ऐकायचं असतं काहीतरी भारी, म्हणजे पहिला पेपर छापून आला तेव्हा किंवा स्टेजवर बोलले तेव्हा वगैरे. खरं सांगू? पहिला पेपर आला तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं ते त्याच्या दोन वर्षं आधी, एका खोलीत एकटीनं मशीनसमोर बसून तासभर साध्या पाण्याची रीडिंग घेताना. ती गोष्ट खाली येईलच.

पण त्यावरून आणि नंतर बऱ्याच जणांचं बघून मला एवढं कळलंय की हे वाटणं डिग्रीसोबत पार्सल होऊन येत नाही आणि नशिबावरही सोडायची गरज नाही, ते मुद्दाम घडवून आणता येतं. शाळेतल्या मुलाला येतं, दिवसभर भलतीच नोकरी करणाऱ्याला येतं. कसं ते लिहिते, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या शब्दाचं ओझं उतरवा

आपल्या मराठीत 'शास्त्रज्ञ' शब्दातच घोळ आहे बघा. तज्ज्ञ, सर्वज्ञ, शास्त्रज्ञ, सगळ्यांच्या शेपटाला तो 'ज्ञ', म्हणजे जाणणारा. मग साहजिकच आपल्याला वाटतं की आधी सगळं जाणून घेऊ, सगळी पुस्तकं संपवू, मग आपण शास्त्रज्ञ. आणि ती पुस्तकं काही संपत नाहीत, त्यामुळे तो दिवसही येत नाही. प्रत्यक्षात ते वाटणं सुरू होतं नेमकं उलट्या टोकाला, जिथे आपल्याला माहीत नसतं आणि ज्याला विचारायला जावं त्यालाही माहीत नसतं तिथे. म्हणून मला 'संशोधक' शब्द जास्त आवडतो, त्यात शोधणारा आहे, सापडलंच पाहिजे अशी अट नाही.

इंग्रजीतला सायंटिस्ट शब्दसुद्धा काही फार जुना नाही हां. १८३३ साली केंब्रिजला ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिक संस्थेची सभा भरली होती तेव्हा विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्याच विद्वानानं तो सुचवला, आर्टिस्टसारखा सायंटिस्ट, आणि पुढच्या वर्षी तो छापूनही आला, पण तेव्हा लोकांना तो काही फारसा पचला नाही. म्हणजे गॅलिलिओ, न्यूटन यांच्या कानावर तो शब्द कधी पडलाच नाही. लेवेनहूक तर कापडाचा व्यापारी, विद्यापीठाचं तोंड न बघितलेला, आणि १६७० च्या दशकात स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातले जीव बघून पत्रं लिहीत बसला होता. सी. व्ही. रामन १९०७ पासून सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करायचे, दहा वर्षं, आणि ऑफिसच्या आधी नि नंतर कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये प्रयोग करायचे. त्यामुळे 'माझी नोकरीच वेगळी आहे हो' हे कारण चालणार नाही, सॉरी.

प्रश्न इतका लहान करा की सांगायला लाज वाटेल

बहुतेक जण इथेच अडकतात. सुरुवातच 'विश्व कसं बनलं'नं केली तर पुढची दहा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात जातील. वाचू नका असं म्हणत नाहीये, पण वाचून विद्यार्थी असल्यासारखं वाटतं, शास्त्रज्ञ असल्यासारखं नाही.

माझी कसोटी अशी. घरात किंवा लॅबमध्ये आत्ता जे आहे तेवढ्यात आणि आठवडा-दोन आठवड्यांत उत्तर मिळायला हवं, उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत यायला हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते सर्च करून सापडता कामा नये. हे तिसरं अवघड वाटतं पण तेच सगळ्यात सोपं आहे. उदाहरण देते. तुमच्या खिडकीबाहेरच्या झाडावर सकाळी पहिला पक्षी किती वाजता ओरडतो, आणि ढगाळ दिवशी त्याला उशीर होतो का? पक्षी उजेडाच्या अंदाजानं ओरडायला लागतात हे जगाला माहितीये, पण तुमच्या झाडावरचा तो अमुक पक्षी ढगाळ दिवशी किती मिनिटं उशीर करतो हे जगात कोणालाही माहीत नाही, कोणाही म्हणजे कोणालाही नाही, कारण तिथे पहाटे वही घेऊन कोणी बसलेलंच नाहीये. पंधरा दिवस बसलात की ते माहीत असणारे जगातले एकमेव तुम्ही. ऐकायला फालतू वाटतं ना? करून बघा, आठव्या-नवव्या दिवशी पोटात जे होतं ते फालतू नसतं.

इंग्लंडमध्ये ब्लॅकॉटन नावाच्या गावातल्या शाळेतली ८ ते १० वर्षांची २५ पोरं, त्यांनी भुंगमाश्यांवर प्रयोग केला. माश्या फुलाचा नुसता रंग लक्षात ठेवतात की तो रंग कुठे मांडलाय हेही, हा प्रश्न पोरांचाच, खेळाचे नियमही पोरांनीच ठरवले. २०१० मध्ये ते बायॉलॉजी लेटर्स या जर्नलमध्ये छापून आलं, पोरांच्याच भाषेत, रंगीत पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्यांसकट, आणि पेपरची सुरुवात चक्क गोष्टीसारखी, एकदा काय झालं अशी. मागे कोणी काय केलंय त्याची संदर्भयादीच नव्हती. पोरांनी त्यात लिहिलंय की विज्ञान मस्त आहे कारण यात आधी कोणीच न केलेल्या गोष्टी करायला मिळतात. मी एवढी वर्षं जे सांगायचा प्रयत्न करतेय ते त्यांनी एका वाक्यात उरकून टाकलं, असो.

आणि हे फक्त पोरांचं नाही. डार्विन बावीस वर्षांचा होता, डॉक्टरकी अर्धवट सोडलेली, पाद्री व्हायचं ठरलेलं, आणि बीगल जहाज जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्डच्या एका बेटाला लागलं. किनाऱ्याच्या कड्यात समुद्राच्या बऱ्याच वर एक पांढरा पट्टा आडवा गेलेला, त्यात शिंपले, आणि त्यावर लाव्हा. शिंपले इतके वर कसे? म्हातारपणी आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की तिथेच त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण या देशांच्या भूशास्त्रावर पुस्तक लिहू शकू, आणि त्या विचारानं तो शहारला. उत्क्रांती वगैरे सगळं पुढे. सुरुवात एका पट्ट्यावरून.

वही, आणि त्यात आधी लिहायची एक ओळ

वही कुठलीही चालेल पण पानं शिवलेली हवीत, सुटी नकोत, आणि पेन हवं, पेन्सिल नको. तारीख आणि वेळ. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर बंद. एवढं सगळेच सांगतात.

मी एक गोष्ट वर सांगते. मोजायच्या आधी, हात लावायच्या आधी, एक ओळ लिहायची, मला वाटतं इतकं येईल. आकडा लिहायचा, 'वाढेल बहुतेक' असलं मोघम चालणार नाही. याचं कारण असं की आपलं मन फार चलाख असतं, उत्तर कळल्यावर ते लगेच म्हणतं हे तर मला आधीच माहीत होतं, आणि मग आश्चर्य वाटायची जागाच शिल्लक राहत नाही. लिहून ठेवलं असेल तर मनाला पळता येत नाही. तुम्ही २० लिहिलंय आणि आलंय २१, आता बोला. हा जो एकाचा फरक आहे ना, त्यात सगळी मजा आहे.

एक प्रयोग अख्खा करून बघू, लंबकाचा

हा मी मुद्दाम निवडलाय कारण हा सगळ्यांनी शाळेत केलाय आणि सगळ्यांनी चुकीचा केलाय, माझ्यासकट. आमच्या वेळी आम्ही उत्तर आधी काढायचो आणि मग त्याला जुळतील अशी रीडिंग वहीत भरायचो, एखादं रीडिंग थोडं इकडेतिकडे, खरं वाटावं म्हणून. हसू नका, तुम्हीही केलंय. आणि ज्या दिवशी आपण ते करतो त्या दिवशी आपण शास्त्रज्ञ होण्याच्या बरोबर उलट्या दिशेनं चालत असतो, कारण आपण मान्य केलेलं असतं की पुस्तक खरं आणि माझे डोळे खोटे.

तर आता नीट करू. एक लोखंडी नट किंवा तसलंच काहीतरी लहान आणि जड, एक न ताणणारा दोरा, आणि वर दोरा घट्ट चिमटीत धरेल असं काहीतरी, नुसतं खिळ्याला गुंडाळलं तर दोरा खिळ्यावर घासत राहतो आणि लांबी बदलते. चिमटीपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. फोनचं स्टॉपवॉच. नट थोडासाच बाजूला घ्या, दहा अंशापर्यंत, आणि सोडा, ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. वेळ टोकाला मोजू नका, टोकाला तो रेंगाळतो आणि नक्की कधी थांबला ते कळत नाही, मधून जाताना मोजा, तिथे तो सगळ्यात जोरात असतो. एक झोका म्हणजे जाऊन परत, त्याच दिशेनं पुन्हा मधून गेला की एक. आणि मोजताना सुरुवात 'शून्य' म्हणून करा. हे शंभरातले ऐंशी जण चुकतात (आकडा माझ्या अंदाजाचा, लगेच वहीत लिहू नका), 'एक' म्हणून सुरू करतात आणि मग दहा म्हणताना प्रत्यक्षात नऊच झोके झालेले असतात, की गेले दोन सेकंद.

एकच झोका का नाही मोजायचा? कारण बोट दाबायला आपल्याला पाव सेकंदाच्या आसपास इकडेतिकडे होतंच, दोन सेकंदांच्या झोक्यात पाव सेकंद म्हणजे फार झालं, तेच दहा झोक्यांत वाटलं गेलं की किरकोळ होतं. आता दहा झोके, पाच वेळा. २०.१ च्या अवतीभवती येईल, कधी १९.९, कधी २०.२. हे जे वरखाली होतंय ते लिहून ठेवा, ते फेकायचं नाहीये, तो तुमच्या हाताचा थरथराट आहे आणि तो किती आहे हे माहीत असणं पुढे कामाला येतं.

आता नट भरपूर लांब घ्या, साठ अंश, आणि आधी वहीत अंदाज लिहा. शाळेत काय शिकलो? झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच. म्हणून लिहा २०.१.

सोडा आणि मोजा.

२१ च्या वर येईल. पहिली प्रतिक्रिया असते की माझं चुकलं. परत मोजा. परत २१ च्या वर. आता इथे थांबा, कारण ज्या क्षणाबद्दल हा सगळा लेख आहे तो हाच आहे. पुस्तक म्हणतंय २०, तुम्ही म्हणताय २१, आणि तुमच्या हाताचा थरथराट तर दोन-तीन दशांशाचाच आहे, तुम्ही स्वतःच मोजलाय तो. म्हणजे एवढा फरक हातामुळे होऊच शकत नाही. पहिल्यांदा तुमच्याकडे पुस्तकाशी भांडायला पुरावा आहे.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे झोप लागेल. पुस्तक खोटं नाही, पुस्तकात बारीक अक्षरात 'लहान कोनासाठी' लिहिलेलं असतं जे आपण वाचत नाही. ३० अंशाला वेळ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो, ६० ला सात टक्क्यांपर्यंत, आणि आपल्या नटाचा झोका हवेमुळे हळूहळू लहान होत जातो म्हणून दहा झोक्यांत ही वाढ थोडी कमी दिसते. खुद्द गॅलिलिओचं म्हणणं होतं की झोका केवढाही असो, वेळ सारखाच. म्हणजे तुम्ही दोरा आणि नट घेऊन जिथे पोचलात तिथे तुमचं भांडण गॅलिलिओशी आहे! आणि ख्रिश्चन हायगेन्स, ज्यानं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं, तो नेमका याच फरकापायी डोकं खाजवत बसला होता, घड्याळ चुकेल म्हणून, आणि १६७३ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं सिद्ध करून दाखवलं की गोळा साध्या वर्तुळावरून न जाता सायक्लॉइड नावाच्या वक्रावरून (घरंगळत्या चाकाच्या कडेवरचा ठिपका काढतो तसला) गेला तरच वेळ खरोखर सारखा राहतो.

हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर माहिती झाली असती. आधी २१ बघितलं आणि मग कळलं, तर ते तुमचं.

माझं पाणी

आता ती खोलीतली गोष्ट. मी एका एन्झाइमवर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगात घडवणाऱ्या प्रथिनावर काम करत होते, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावणातून प्रकाश किती शोषला जातोय ते दर मिनिटाला बघायचं आणि किती वेगानं वाढतंय त्यावरून एन्झाइम किती जोरात काम करतंय ते काढायचं. एका वनस्पतीचा अर्क घातला की वेग वाढतोय असं दिसायला लागलं. थोडाथोडका नाही, चांगला दिसण्याजोगा. तीन आठवडे मी हवेत. मनातल्या मनात पेपरचं शीर्षकही ठरलं होतं.

मग एक दिवस सकाळी मशीन दुसऱ्या कोणीतरी घेतलं होतं म्हणून मी दुपारी बसले, आणि परिणाम गायब. अर्क तोच, एन्झाइम तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. माझ्या पोटात गोळा आला, कारण मला आठवलं की मी रोज सकाळी आल्या आल्या मशीन चालू करते आणि अर्कवाला नमुना आधी लावते, साधा नंतर.

कोणाला काही न बोलता मी दुसऱ्या दिवशी लवकर गेले, क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं, मशीन चालू केलं आणि दर दोन मिनिटांनी रीडिंग लिहीत तासभर बसले. पाण्यात काय होणार? काहीच नाही. पण रीडिंग चढत होतं. वीस मिनिटं हळूहळू चढलं आणि मग सपाट. दिवा तापायला लागणारा वेळ होता तो, बाकी काही नाही, आणि मी रोज त्या वीस मिनिटांतच अर्काचं मोजत होते. आलेख काढला तर माझा अख्खा शोध त्या चढात मावत होता.

तीन आठवड्यांचं काम गेलं, रडायला यायला हवं होतं, आणि मला मात्र विचित्र असं हलकं वाटत होतं. कारण मला काहीतरी पक्कं माहीत होतं, ते मी स्वतः शोधलं होतं, आणि ते माझ्या फायद्याचं नसून खरं होतं. मशीनच्या पुस्तिकेत दिवा आधी तापवून घ्या असं लिहिलेलं असतंच, मला त्या दिवशी ते कळलं वेगळ्या प्रकारे.

म्हणून स्टेप म्हणून सांगायचं तर, आपला लाडका निकाल मारायचा प्रामाणिक प्रयत्न करा. क्रम उलटा करून बघा, सकाळचं संध्याकाळी करा, ज्यात काही होऊच नये असं काहीतरी त्याच मशीनमध्ये घालून बघा. निकाल वाचला तर उत्तम. मेला तरीही ते वाटणं येतंच, माझं तर असं मत आहे की मेल्यावर जास्त येतं.

डोळ्यावर पट्टी

वरच्याचाच पुढचा भाग. जिथे मत मधे येऊ शकतं तिथे स्वतःला कळूच द्यायचं नाही की काय काय आहे. एमिली रोझा नावाच्या अमेरिकन मुलीनं नऊ वर्षांची असताना शाळेच्या सायन्स फेअरसाठी हे इतकं साधं केलं की मोठ्यांना लाज वाटावी. तेव्हा काही उपचार करणारे म्हणायचे की आम्हाला न शिवता माणसाच्या शरीराभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते. तिनं काय केलं, पुठ्ठ्याचा पडदा केला, त्याला भोकं, त्यातून उपचार करणाऱ्यानं दोन्ही हात पलीकडे काढायचे, आणि एमिली नाणं उडवून ठरवणार की आपला हात त्याच्या डाव्या हाताजवळ धरायचा की उजव्या. आता सांगा कुठे जाणवतोय. २१ जण, एकूण २८० प्रयत्न, बरोबर आले १२३. नुसतं अंदाजपंचे सांगितलं असतं तरी १४० च्या आसपास आले असते! १९९८ मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापलं गेलं, ती तेव्हा अकरा वर्षांची.

यातलं नाणं महत्त्वाचं आहे. मनानं डावं-उजवं ठरवलं असतं तर त्यात नकळत एक लय येते आणि समोरचा ती पकडतो. तुम्हीही जिथे 'मी आपलं रँडम घेते' म्हणाल तिथे नाणं उडवा.

एकट्यानं जमत नसेल तर

मग दुसऱ्यांच्या कामात हात घाला, त्यात कमीपणा काही नाही. ईबर्ड ही वेबसाइट २००२ पासून चालू आहे, पक्षी बघा आणि नोंदवा, तुमची नोंद खऱ्या संशोधनात वापरली जाते. गॅलेक्झी झू हा ऑनलाइन प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला, दुर्बिणीच्या फोटोंतल्या आकाशगंगांचे आकार ओळखायचे, आणि त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका आकाशगंगेशेजारी एक विचित्र डाग दिसला. तिनं फक्त विचारलं, हे काय आहे? कोणालाच सांगता येईना. तो निघाला प्रचंड मोठा वायूचा ढग, शेजारच्या आकाशगंगेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रकाशानं उजळलेला, आणि त्याला आज तिच्या नावानंच ओळखतात. हजारो फोटो डोळ्यांखालून घालणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण 'हे काय आहे' विचारायला डिग्री लागत नाही.

कोणीतरी म्हणावं लागतं

हे मला आवडत नाही पण खरं आहे. आपण कितीही म्हटलं की मला लोकांची पर्वा नाही तरी हे वाटणं अर्धं दुसऱ्याच्या हातात असतं. कार्लोन आणि जॉन्सन या दोघी संशोधिकांनी २००७ मध्ये विज्ञानात शिकणाऱ्या १५ स्त्रियांच्या अनुभवांवरून हे मांडलं, की विज्ञानातली ओळख तीन गोष्टींनी बनते, विषय येणं, करून दाखवणं आणि ओळखलं जाणं, म्हणजे दुसऱ्यांनी तुम्हाला तसं मानणं. तिसरं मिळालं नाही की पहिली दोन असूनही माणूस स्वतःवर शंका घेत राहतो.

माझ्या बाबतीत ते असं झालं की पाण्याच्या प्रकरणानंतर आठवड्याभरानं आमच्या लॅबमधला एक सिनियर, जो माझ्याशी 'ते बीकर दे' याच्यापलीकडे बोलत नसे, तो दारात येऊन म्हणाला, 'अगं, त्या मशीनचा दिवा सेटल व्हायला किती वेळ लागतो? तू मोजलंयस ना?' मी म्हटलं वीस मिनिटं, पण तुम्ही तीस धरा. तो 'बरं' म्हणून गेला. बस एवढंच. मला आजही तो दार धरून उभा असलेला आठवतो.

आणि खोटं असल्यासारखं वाटणं, आपल्याला चुकून आत घेतलंय आणि आता पकडले जाणार असं वाटणं, हे याच्या सोबत येतंच. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्याला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' असं नाव दिलं. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांनी स्वतः सांगितलंय की केंब्रिजला पीएचडी करताना त्यांना वाटायचं आपल्याला लवकरच हाकलून देतील, म्हणून त्यांनी ठरवलं की हाकलेपर्यंत जीव तोडून काम करायचं. रेडिओ दुर्बिणीतून रोज जवळपास ३० मीटर कागद छापून यायचा आणि तो त्या डोळ्यांनी तपासायच्या, आणि त्यातच १९६७ मध्ये त्यांना आलेखाच्या रेघेत एक बारीकसा कचऱ्यासारखा भाग दिसला, सेंटिमीटरभरही नसेल, जो आकाशातून येणाऱ्या नेहमीच्या संकेतासारखाही नव्हता आणि माणसानं केलेल्या गडबडीसारखाही नव्हता. वेगानं कागद फिरवून परत नोंद घेतली तर ठोके, दर १.३३ सेकंदाला एक. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओलहरींचे ठोके पाठवणारा तारा. शंका गेल्यावर काम सुरू केलं असतं तर तो कागद तसाच गुंडाळला गेला असता. म्हणजे शंका जाण्याची वाट बघायची नाही, ती शेजारी बसू दे.

घरात किंवा वर्गात पोरं असतील तर

डेव्हिड चेंबर्स या संशोधकानं १९८३ मध्ये एक निकाल छापला होता. ४८०७ मुलांना सांगितलं शास्त्रज्ञाचं चित्र काढा, त्यात बाईचं चित्र काढणाऱ्या फक्त २८, आणि त्या २८ च्या २८ मुलीच. पुढे हे प्रमाण सुधारत गेलं, पण पांढरा कोट आणि चष्मा अजून हटलेले नाहीत. चित्रातल्या माणसाशी आपलं काही जमत नसेल तर मुलाला ते वाटणार कसं.

करायचं एवढंच, 'हुशार आहेस' म्हणू नका, त्यानं काही होत नाही. त्याऐवजी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही आणि त्याला आहे. किती वेळा मोजलंस? दर वेळी तेवढंच आलं? आणि उत्तर सांगायची घाई झाली की जीभ चावा, हे मला स्वतःला अजून जमत नाही.

गेल्या महिन्यात भाचीला मी हा लंबक लावून दिला, मोठ्या झोक्याचं काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं लहान कर, मोठा कर आणि लिही. रात्री तिचा फोन, आवाज पडलेला.

'मावशी, माझं चुकतंय गं. मोठ्या झोक्याला जास्त येतंय.'

'किती वेळा केलंस?'

'सहा.'

'आणि?'

थोडा वेळ नुसताच पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, 'सहाही वेळा तेवढंच चुकतंय.' आणि मग परत गप्प, आणि मग एकदम, 'थांब, मी नंतर करते फोन.'